सागरी लढाई कागदावर कशी मांडावी : मिडवे, ४ जून १९४२

प्रशांत महासागरातल्या दुसऱ्या महायुद्धाविषयी आपल्याकडे जे वाचले-सांगितले जाते, ते बहुधा निकालाच्या अंगाने सांगितले जाते. मिडवे या प्रवाळबेटाजवळ जपान आणि अमेरिका यांच्या आरमारांत झालेल्या लढाईचे नाव निघाले की चार जपानी विमानवाहू नौका बुडाल्या आणि पाच मिनिटांत युद्धाचे पारडे फिरले, एवढे ठरलेले वाक्य पुढे येते. हे वाक्य कितपत खरे आहे हे पडताळण्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. एक मोठा आलेख कागद, शाळेची कंपासपेटी, दोन ट्रेसिंग पेपर, टोक काढलेली पेन्सिल आणि एखादा मोकळा रविवार एवढे पुरते. विमानवाहू नौकांची लढाई मुळात अंतर, वेळ आणि माहिती यांची लढाई असते आणि या तिन्ही गोष्टी कागदावर मांडता येतात. मिडवेची निवड करण्याचे कारण असे की, दोन्ही बाजूंचे मूळ अहवाल तिच्याबाबतीत उपलब्ध आहेत. जपानी विमानवाहू नौकांचे सेनापती व्हाइस ॲडमिरल नागुमो चुइची यांच्या ताफ्याचा सविस्तर अहवाल अमेरिकी नौदलाने भाषांतर करून १९४७ मध्येच छापला होता, आणि अमेरिकी जहाजांचे लढाई-अहवालही आज घरबसल्या वाचता येतात.

सर्वांत आधी घड्याळ लावून घ्यावे

नवशिक्याची पहिली ठेच नकाशावर नव्हे, वेळेवर लागते. जपानी आरमार जगात कुठेही असले तरी टोकियोची वेळ पाळत असे. मिडवे बेटावर स्थानिक वेळ होती, ती ग्रिनिचच्या बारा तास मागे. अमेरिकी विमानवाहू नौकांच्या घड्याळांत मात्र त्याहून दोन तास पुढची वेळ होती. त्यामुळे एकच घटना तीन अहवालांत तीन वेळांना घडलेली दिसते, आणि जपानी कागदपत्रांत तर तारीखही बदलते. मिडवेवर ४ जूनचे सकाळचे १०:२५ वाजले, तेव्हा अमेरिकी जहाजांवर १२:२५ आणि टोकियोत ५ जूनचे ७:२५ वाजले होते. (आजच्या भारतीय प्रमाणवेळेने मोजल्यास ती ५ जूनची पहाट, ३:५५ ची वेळ.) जपानी ग्रंथांत ही लढाई ५ जूनला सुरू होते, याचे कारण एवढेच आहे.

म्हणून वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावेत आणि प्रत्येक नोंद ज्या घड्याळाने झाली त्या रकान्यात आधी जशीच्या तशी लिहून मगच मिडवेच्या वेळेत आणावी. थेट रूपांतर करून लिहिण्याचा मोह टाळावा, कारण पुढे एखादी नोंद दोन तासांनी किंवा एकवीस तासांनी चुकलेली आढळली, तर चूक मुळातली की आपली, हे मूळ आकडा जपून ठेवल्याशिवाय कळत नाही. या लेखातल्या सर्व वेळा मिडवेच्या स्थानिक वेळेनुसार आहेत.

कागदाची आखणी

मिडवे हे प्रवाळबेट साधारण २८ अंश १२ कला उत्तर अक्षांश आणि १७७ अंश २२ कला पश्चिम रेखांशावर आहे. आलेख कागद उभा धरून खालच्या कडेपासून थोडे वर, मधोमध, हा बिंदू घ्यावा. एक सेंटिमीटर म्हणजे २० सागरी मैल हे प्रमाण सोयीचे पडते. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ किलोमीटर), त्यामुळे अक्षांशाचा एक अंश ६० मैलांचा, म्हणजे तीन सेंटिमीटरचा होतो. रेखांशाचा अंश मात्र या भागात सुमारे ५२ मैलांचाच भरतो, म्हणून तो २.६ सेंटिमीटर धरावा. हा फरक विसरल्यास सगळी जहाजे पूर्व-पश्चिम दिशेने ताणली जातात आणि पुढची सगळी अंतरे फसवी निघतात.

नौदलात दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात : पूर्व ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. कंपासपेटीतला कोनमापक अर्धगोल असतो, म्हणून ३२० अंश मोजायचे असल्यास उत्तरेपासून डावीकडे ४० अंश घ्यावेत. पहिल्या दिवशी प्रत्येक दिशेची अशी फोड कागदाच्या कडेला लिहून ठेवणे बरे.

सरावासाठी ३२ अंश उत्तर आणि १७३ अंश पश्चिम हा बिंदू मांडून पाहावा. मिडवेपासून वर साधारण साडेअकरा आणि उजवीकडेही तितकेच सेंटिमीटर गेले की तो सापडतो. अमेरिकी ताफ्यांनी दबा धरण्यासाठी एकत्र येण्याचे हेच ठिकाण, त्याला त्यांनी ‘पॉइंट लक’ असे नाव दिले होते. तिथे रिअर ॲडमिरल फ्रँक फ्लेचर यांच्या हाताखाली ‘यॉर्कटाउन’ आणि रिअर ॲडमिरल रेमंड स्प्रुअन्स यांच्याकडे ‘एंटरप्राइझ’ व ‘हॉर्नेट’ होत्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात प्रवाळ समुद्रातल्या लढाईत जखमी झालेली ‘यॉर्कटाउन’ २७ मे रोजी पर्ल हार्बरला पोहोचून ३० मे रोजी पुन्हा समुद्रात गेली होती. संकेतलिपी फोडणाऱ्या जोसेफ रोशफोर्ट यांच्या गटाने जपानी संदेशांतले ‘एएफ’ म्हणजे मिडवेच हे आधीच ओळखल्यामुळे अमेरिकी पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांना ही जागा निवडता आली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे आणि आपल्या कागदावर तिचे काम एका बिंदूपुरतेच आहे.

वाऱ्याचा बाणही आताच काढून घ्यावा. त्या सकाळी वारा मंद आणि आग्नेयेकडून होता. विमान उडवायचे तर नौकेला वाऱ्याच्या तोंडावर वेगाने जावे लागते. वायव्येकडून मिडवेवर चालून येणाऱ्या नागुमोंना हे सरळ वाटेतच पडत होते, तर अमेरिकी नौकांना प्रत्येक उड्डाणासाठी शत्रूकडे पाठ फिरवून दूर जावे लागत होते. हा बाण नसेल, तर अमेरिकी ताफ्याचे मार्ग विनाकारण नागमोडी वाटतात.

दोन पारदर्शक कागद

या पद्धतीचा गाभा इथे आहे. मूळ आलेख कागदावर, आज आपल्याला जे खरे घडले म्हणून माहीत आहे, ते मांडायचे. त्यावर ठेवायच्या एका ट्रेसिंग पेपरवर फक्त नागुमोंना त्या-त्या क्षणी जे माहीत होते ते, आणि दुसऱ्यावर फक्त फ्लेचर व स्प्रुअन्स यांना माहीत होते ते उतरवायचे. प्रत्येक खुणेशेजारी दोन वेळा लिहाव्यात : घटना घडल्याची आणि तिची बातमी सेनापतीच्या हाती पडल्याची. लढाईचे बहुतेक वाद या दोन वेळांमधल्या फटीत दडलेले असतात. ‘नागुमोंनी अमुक का केले नाही’ असा प्रश्न पडला की खालचा कागद बाजूला काढावा आणि त्यांच्या पारदर्शक कागदावर त्या वेळी काय होते तेवढेच पाहावे. निम्मे आक्षेप तिथेच गळून पडतात.

अमेरिकी कागदापासून सुरुवात करू. ३ जूनच्या सकाळी कॅटलिना जातीच्या एका टेहळणी विमानाने मिडवेच्या पश्चिमेला सुमारे ७०० मैलांवर जपानी जहाजे पाहिली आणि तीच मुख्य ताकद असल्याचे कळवले. प्रत्यक्षात ती सैनिक वाहून नेणारी तुकडी होती. ७०० मैल म्हणजे आपल्या प्रमाणात ३५ सेंटिमीटर, कागदाबाहेर. तेव्हा कडेला बाण काढून नोंद करावी. निमिट्झ यांनी ही मुख्य ताकद नसल्याचे आपल्या सेनापतींना कळवले, म्हणून ती नोंद खोडून तीही वेळ लिहावी.

४ जून, ६:०३. पहाटेच्या टेहळणीवरच्या कॅटलिनाच्या अहवालात दोन विमानवाहू नौका आणि इतर मोठी जहाजे होती : दिशा ३२०, अंतर १८०, रोख १३५, वेग २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल). दिशा आणि अंतर मिडवेपासून मोजायचे. उत्तरेच्या डावीकडे ४० अंशांवर नऊ सेंटिमीटरची रेघ ओढली की बिंदू मिळतो, तिथून १३५ अंशांकडे, म्हणजे आग्नेयेला, बाण काढावा. वेग २५ नॉट म्हणजे तासाला सव्वा सेंटिमीटर. आता खालच्या कागदाशी ताडून पाहावे : नागुमोंकडे दोन नव्हे, चार विमानवाहू नौका होत्या (‘अकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’) आणि कळवलेले स्थान सुमारे ४० मैलांनी, म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटरनी, चुकलेले होते. तरीही अमेरिकेच्या तिन्ही नौकांच्या हल्ल्यांची आखणी याच बिंदूवर उभी राहिली.

आता जपानी कागद. क्रूझर ‘तोने’वरचे चौथ्या क्रमांकाचे टेहळणी विमान ठरल्यापेक्षा अर्धा तास उशिरा, ५ वाजता उडाले. त्याने ७:२८ ला संदेश दिला की मिडवेपासून १० अंश दिशेला, २४० मैलांवर शत्रूची वाटणारी दहा जहाजे आहेत, रोख १५०, वेग २० नॉटपेक्षा जास्त. उत्तरेच्या किंचित उजवीकडे बारा सेंटिमीटरवर हा बिंदू येतो. हे स्थानही अचूक नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संदेशात जहाजांचा प्रकार नव्हता. ८:०९ ला पाच क्रूझर आणि पाच विनाशिका असल्याचे कळले, आणि विमानवाहू नौका असावी असा शब्द उमटला तो ८:२० ला. हा संदेश नागुमोंच्या हाती नेमका किती वाजता पडला, यावर अभ्यासकांत वाद आहे. ती नोंद पेन्सिलीनेच, पुसट ठेवावी.

एक छोटा हिशेब इथे करण्यासारखा आहे. कॅटलिनाने दिलेला ६:०३ चा बिंदू घेऊन तो त्याच रोखाने ७:२८ पर्यंत पुढे सरकवावा. पंच्याऐंशी मिनिटांत २५ नॉटने सुमारे ३५ मैल, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. तिथून ‘तोने’च्या विमानाने कळवलेल्या बिंदूपर्यंत पट्टी लावली, तर अंतर नऊ सेंटिमीटर, म्हणजे १८० मैलांच्या आसपास भरते. दोन्ही बाजूंनी दिलेली माहिती सदोष असूनही ते दोघे एकमेकांच्या माऱ्याच्या कडेवर आले होते, हे पट्टीवर दिसते. अमेरिकेची डेव्हास्टेटर ही पाणतीर (टॉर्पेडो) टाकणारी विमाने पावणेदोनशे मैलांपलीकडे जाऊन परतण्याच्या बेताची नव्हती. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ कंपासने काढले, की त्यांच्या वैमानिकांना काय करायला सांगितले गेले होते ते समजते.

पाच मिनिटांची गोष्ट तपासताना

आता वहीचे नवे पान घ्यावे आणि त्यावर जपानी नौकांच्या डेकचा रकाना आखावा. पर्ल हार्बरवरच्या हवाई हल्ल्याचे नेतृत्व करणारे फुचिदा मित्सुओ हे मिडवेच्या वेळी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘अकागी’वरच होते. त्यांनी १९५१ मध्ये लिहिले की जपानी हल्ल्याची विमाने डेकवर तयार उभी होती आणि आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर ती उडाली असती. अनेक दशके जगाने हेच मानले. हे विधान पारखायचे तर हल्ला उभा करायला काय लागते ते आधी माहीत हवे. जपानी नौकांवर पाणतीर विमानांना शस्त्रे खालच्या हँगरमध्येच चढवीत असत. तिथून विमाने उद्वाहकाने वर आणायची, मागच्या भागात रांगेने उभी करायची, इंजिने गरम करायची. या सगळ्याला पाऊण तास लागे आणि तेवढा वेळ डेकवर दुसरे विमान उतरू शकत नसे.

म्हणून आपल्या रकान्यात शोधायचे ते एवढेच : डेक सलग पाऊण तास मोकळा कुठे मिळाला?

नोंदी अशा येतात. ४:३० ला १०८ विमाने मिडवेकडे गेली. ७ वाजता त्यांचे प्रमुख तोमोनागा यांनी दुसऱ्या हल्ल्याची गरज असल्याचे कळवले. ७:१० ला मिडवेवरून आलेल्या सहा अॅव्हेंजर आणि चार बी-२६ विमानांनी हल्ला केला. ७:१५ ला नागुमोंनी राखीव विमानांवरचे पाणतीर काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवण्याचा हुकूम दिला, आणि ७:४५ ला तो थांबवला. ७:५५ पासून साडेआठच्या सुमारापर्यंत मिडवेचीच डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमाने) आणि उंचावरून मारा करणारी बी-१७ विमाने एकामागोमाग येत राहिली, त्यात ‘नॉटिलस’ पाणबुडीचीही भर पडली. ८:३७ पासून मिडवेहून परतलेली विमाने उतरवून घेतली गेली, ते काम संपल्यावर ९:१८ ला ताफा ईशान्येकडे वळला. त्याच सुमारास ‘हॉर्नेट’ची पंधरा डेव्हास्टेटर विमाने संरक्षक लढाऊ विमानांशिवाय चालून आली, त्यांतले एकही परतले नाही आणि तीस जणांपैकी एकटे जॉर्ज गे वाचले. ९:४० ला ‘एंटरप्राइझ’ची चौदा आणि १०:१० नंतर ‘यॉर्कटाउन’ची बारा अशी तीच विमाने आली. हे सर्व चालू असताना जपानी झीरो लढाऊ विमाने सारखी वर-खाली करीत होती, कारण त्यांच्या २० मिलिमीटरच्या प्रत्येक तोफेत अवघी साठ काडतुसे असत. १० वाजून गेल्यावरही ‘अकागी’वर झीरो उतरल्याच्या आणि उडाल्याच्या नोंदी आहेत.

रकाना भरल्यावर पाऊण तासाची फट कुठेही दिसत नाही. आठच्या सुमाराला बी-१७ विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांतही जपानी डेक जवळजवळ रिकामेच आहेत. तेव्हा १०:२० नंतर ‘एंटरप्राइझ’ आणि ‘यॉर्कटाउन’ची डाइव्ह बॉम्बर ‘कागा’, ‘अकागी’ आणि ‘सोर्यू’वर कोसळली, त्या वेळी हल्ल्याची विमाने डेकवर सज्ज नव्हती, ती हँगरमध्ये होती. पेट्रोल भरलेली विमाने आणि बाजूला पडलेले दारूगोळ्याचे साठे बंदिस्त हँगरमध्ये असल्यामुळे आग आवरता आली नाही. ‘अकागी’ला तर थेट लागलेला एकच बॉम्ब पुरला. माझ्या मते पाच मिनिटांच्या गोष्टीपेक्षा हा रकाना कितीतरी अधिक बोलका आहे : मिडवेहून आणि नौकांवरून आलेल्या, स्वतः फारसे नुकसान न करू शकलेल्या प्रत्येक हल्ल्याने जपानी डेकचा वेळ खाल्ला होता.

जिथे अहवालच एकमेकांशी भांडतात

सगळ्या रेघा जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये. ‘हॉर्नेट’ची विमाने सकाळी कोणत्या दिशेने गेली हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जहाजाच्या अधिकृत अहवालात ती नैर्ऋत्येकडे, सुमारे २४० अंशांवर गेल्याचे दिसते. वैमानिकांच्या नंतरच्या सांगण्यावरून मात्र मुख्य तुकडी जवळजवळ सरळ पश्चिमेला, सुमारे २६५ अंशांवर गेली. पाणतीर तुकडीचे प्रमुख जॉन वॉल्ड्रन तिच्यापासून फुटून डावीकडे वळले आणि थेट शत्रूवर पोहोचले, आणि ‘हॉर्नेट’च्या एकाही डाइव्ह बॉम्बरला त्या सकाळी शत्रू सापडला नाही, तर सोबतची दहाही लढाऊ विमाने इंधन संपून समुद्रात उतरली. अशा ठिकाणी एक रेघ खरी मानून दुसरी पुसू नये. दोन्ही तुटक रेघांनी काढाव्यात आणि कोणती रेघ इतर पक्क्या घटनांशी जुळते ते पाहावे. फुटून डावीकडे वळल्यावर शत्रू सापडतो, तर मुख्य तुकडी त्याच्या बरीच उत्तरेला असली पाहिजे, एवढे साधे तर्कशास्त्र इथे कामी येते.

‘एंटरप्राइझ’च्या डाइव्ह बॉम्बरचे प्रमुख वेड मॅक्लस्की यांचा मार्ग मात्र समाधान देणारा आहे. १३५ रोख आणि २५ नॉट धरून काढलेल्या भेटीच्या जागी ते पोहोचले तेव्हा समुद्र रिकामा होता. काही मैल पुढे जाऊन ते वायव्येकडे वळले आणि ९:५५ च्या सुमारास त्यांना ‘अराशी’ ही विनाशिका ईशान्येकडे भरधाव जाताना दिसली. ‘नॉटिलस’ला दाबून ठेवण्यासाठी मागे राहिलेली ही विनाशिका ताफा गाठायला निघाली होती. तिच्या मार्गाची रेघ पुढे वाढवली की ती नागुमोंच्या नव्या मार्गाला मिळते. याला नशीब म्हणणाऱ्यांनी, ‘अराशी’ मागे का राहिली याची नोंद आपल्या रकान्यात आधीच आहे, हे पाहावे.

दुपारची मांडणी

दुपारी पुन्हा पारदर्शक कागद लागतात. वाचलेल्या ‘हिर्यू’वरून रिअर ॲडमिरल यामागुची तामोन यांनी आधी कोबायाशी यांची १८ डाइव्ह बॉम्बर धाडली, त्यांनी बाराच्या सुमारास ‘यॉर्कटाउन’वर तीन बॉम्ब अचूक टाकले. खलाशांनी आग विझवून नौका पुन्हा चालती केली. म्हणून तोमोनागा दहा पाणतीर विमाने घेऊन अडीचनंतर आले, तेव्हा समोरची सुस्थितीतली नौका ही दुसरीच आहे, असे जपान्यांना वाटले. नागुमोंच्या कागदावर इथे दोन फुल्या येतात, खालच्या कागदावर एकच. अमेरिकेकडे आता धडपणे एकच विमानवाहू नौका उरली, या जपानी समजाचा उगम या एका जादा फुलीत आहे. पाचच्या सुमारास ‘एंटरप्राइझ’वरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरनी ‘हिर्यू’वर चार बॉम्ब टाकले. रात्री स्प्रुअन्स पूर्वेकडे सरले आणि ५ जूनच्या पहाटे जपानी आरमाराचे सरसेनापती ॲडमिरल यामामोतो यांनी मोहीम रद्द केली. त्यापुढच्या घटना थोडक्यात नोंदवल्या तरी चालतात : ६ जूनला क्रूझर ‘मिकुमा’ बुडाली, त्याच दुपारी ‘आय-१६८’ या पाणबुडीने ओढून नेल्या जाणाऱ्या ‘यॉर्कटाउन’ला आणि तिच्या लगत असलेल्या ‘हॅमन’ या विनाशिकेला पाणतीर मारले, आणि ७ च्या सकाळी ‘यॉर्कटाउन’ बुडाली.

ही पद्धत अंगवळणी पडल्यावर पुढची लढाई म्हणून मे १९४२ ची प्रवाळ समुद्रातली घ्यावी. तिथेही दोन्ही बाजूंच्या टेहळणी विमानांनी चुकीचे अहवाल दिले, आणि जपान्यांनी ‘निओशो’ हे तेलवाहू जहाज विमानवाहू नौका समजून त्यावर सगळा मारा खर्च केला. त्यामुळे पारदर्शक कागद लगेच भरतात. रात्रीच्या लढायांना मात्र हे प्रमाण चालत नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या मध्यरात्रीनंतर साव्हो बेटापाशी जपानी ॲडमिरल मिकावा यांच्या ताफ्याने दोस्त राष्ट्रांच्या चार जड क्रूझर बुडवल्या, त्या मांडायच्या तर एक सेंटिमीटर म्हणजे एक सागरी मैल असे प्रमाण घ्यावे, वेळेचा रकाना मिनिटामिनिटाचा ठेवावा आणि वाऱ्याच्या बाणाऐवजी प्रत्येक जहाजाने कोणाला केव्हा पाहिले याची स्वतंत्र रेघ काढावी.